तुम्ही म्हणालात, आम्ही केलं

सोमवार, ५ सप्टेंबर

सुटले एकदाची युनिफॉर्ममधून. आज मॉसगेट कॉलेजचा पहिला दिवस आणि मी चक्क जीन्स घालून गेले. इथे फक्त अकरावी-बारावीची मुलं. घंटा नाही, टाय नाही, शिक्षकांना सर-मिस करायचं नाही, सरळ नावाने हाक मारायची. गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी तेवढी सतत हवी, नाहीतर दारातलं फाटक उघडत नाही.

बाबा वेगळे झाल्यावर आई आणि मी ऑगस्टमध्ये थॉर्नबेकला आलो. इथे मला कुणी ओळखत नाही. जुन्या शाळेत मला 'तक्रारीचं दुकान' म्हणायचे, म्हणजे नव्याने बदनाम व्हायला इथे भरपूर वाव आहे.

स्वागताच्या सभेत उपप्राचार्या गेनर बोलल्या. नारिंगी चष्मा, आवाज सायीसारखा मऊ. हे कॉलेज तुमचं आहे, म्हणाल्या, काय हवं ते सांगा, आम्ही ऐकतो आणि करतो. सभागृहाबाहेर त्याचा फलकच लावलाय. डावीकडे 'तुम्ही म्हणालात', उजवीकडे 'आम्ही केलं', खाली चिठ्ठ्यांची पेटी. असा फलक प्रत्येक कॉलेजात असतो, पण इथली उजवी बाजू भरलेली होती, हे विशेष. 'तुम्ही म्हणालात: सायकली ठेवायला जागा पुरत नाही. आम्ही केलं: आता पुरते.' असा रोखठोक कारभार मला आवडतो. शिवाय सभा संपल्यावर पिझ्झा होता आणि मी तीन तुकडे खाल्ले.

बुधवार, १४ सप्टेंबर

झुनैरा नावाची मैत्रीण मिळाली. खरं तर तिनेच मला मिळवलं. मानसशास्त्राच्या तासाला शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, माझं पेन हरवलंय, तुझ्या चेहऱ्यावरून वाटतं तुझ्याकडे चार असतील. होतीही. तिला डॉक्टर व्हायचंय, म्हणून ती रसायन आणि जीवशास्त्रही शिकते. तिची अम्मी डब्यात समोसे देते, मी कँटीनच्या ग्रेव्ही घातलेल्या चिप्स घेते, आणि आम्ही अदलाबदल करतो. या व्यवहारात तिचं नुकसान आहे, पण तिला ते पटत नाही.

कारभाराबद्दलचं मत मात्र मी मागे घेते. लिफ्ट बंद आहे. मानसशास्त्राचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आणि आमच्या वर्गातली मेव्ह व्हीलचेअरवर. रोज तासाच्या वेळी ती लिफ्टसमोर थांबते, बटण दाबत राहते, आणि मग लायब्ररीत जाऊन आमच्या वह्यांवरून अभ्यास करते. तिची व्हीलचेअर नीट आत जावी म्हणून तिथल्या एका टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे लावलेत. तेवढीच तिची सोय.

"वरच्या खिडकीतून डोंगर दिसतो म्हणतात," आज ती मला म्हणाली. "खरं का गं?"

खरं आहे, पण मला ते सांगवेना. मी विषय बदलला.

लायब्ररीत खुर्च्याही पुरत नाहीत. मोकळ्या तासाला सगळं कॉलेज तिथे लोटतं, आणि झुनैरा आणि मी जिन्यात बसतो. गेनरना तीनदा सांगून झालं. तीनही वेळा त्यांनी मान डोलावली आणि प्रतिनिधीमार्फत या म्हणाल्या.

बुधवार, २८ सप्टेंबर

डोकं फिरलंय. विद्यार्थी मंडळाची बैठक ऐकायला गेले होते. प्रत्येक तुकडीत अकरावी-बारावीची मुलं एकत्र, आणि तिचा एक प्रतिनिधी असतो. आमच्या तुकडीचा टोबी ॲस्पिनॉल, बारावीतला, उंच, खांदे पाडून चालणारा. गेनरनी विचारलं, टोबी, तुमच्याकडून काही? तर हा म्हणतो, "आमच्याकडून काही नाही. सगळं ठीक आहे."

लिफ्ट बंद असताना! आणि हा एकटाच नाही. आणखी चार-पाच प्रतिनिधींनी हेच पालुपद लावलं. सगळे मिठाची गुळणी धरून बसलेले.

मी त्याला बाहेर पाण्याच्या नळापाशी गाठलं. त्याची बाही वर सरकली होती आणि हातावर मनगटापासून कोपरापर्यंत पेनाने नावं लिहिलेली होती. मी विचारलं, ही परीक्षेतली कॉपी आहे की मैत्रिणींची जंत्री? त्याने बाही खाली ओढली.

"तू नवीन आहेस," तो म्हणाला. "इथे काही मागू नकोस. आणि जी माणसं तुला हवी आहेत, त्यांची नावं लिहून ठेवत जा. लिहिलेलं राहतं."

म्हणजे काय, असं विचारेपर्यंत तो गेलाही. असल्या नंदीबैलांमुळेच कॉलेजं अशी चालतात. झुनैरा म्हणाली सोड ना. सोडणं मला जमत असतं तर काय हवं होतं? मी चिठ्ठी लिहिली: 'आमच्या तुकडीचा प्रतिनिधी तोंडच उघडत नाही.' पेटीत टाकली आणि फार बरं वाटलं.

बुधवार, ५ ऑक्टोबर

मी प्रतिनिधी झाले! आमच्या तुकडीत ती जागा सुरुवातीपासून रिकामीच होती म्हणे, आणि आज मी बिनविरोध निवडून आले. छातीवर लावायला बिल्ला मिळाला. झुनैरा म्हणाली, आता तुझ्या तोंडाला सरकारी परवाना मिळाला.

फलकावर नवा कागद आहे. 'तुम्ही म्हणालात: प्रतिनिधी तोंड उघडत नाही. आम्ही केलं: आता असा प्रतिनिधी नाही.' कुठल्या तुकडीचा होता कोण जाणे. बरं झालं, असल्यांना घालवायलाच हवं.

बुधवार, १२ ऑक्टोबर

पहिल्या बैठकीत मी दणकून बोलले. आधी लिफ्ट. मेव्हला वर्गात पोहोचता येत नाही ही तुम्हा-आम्हा सगळ्यांना लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, असं स्पष्ट सांगितलं. मग खुर्च्या. गेनर शांतपणे सगळं लिहून घेत होत्या. त्या गप्प प्रतिनिधींपैकी एक मुलगी, केस निळे रंगवलेली, माझ्याकडे बघून हळूच नकारार्थी मान हलवत होती. जळत असेल.

नंतर मेव्हला जाऊन सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, लिफ्ट सुरू झाली की तुझ्यासाठी आल्याचा केक करून आणते. मी म्हटलं, वजन वाढलं तर तुझी जबाबदारी.

बुधवार, १९ ऑक्टोबर

याला म्हणतात काम. फलकावर दोन्ही आलं. 'तुम्ही म्हणालात: लिफ्ट बंद असल्याने वर्गात पोहोचता येत नाही. आम्ही केलं: आता कुणाचंही अडत नाही.' 'तुम्ही म्हणालात: लायब्ररीत खुर्च्या पुरत नाहीत. आम्ही केलं: आता पुरतात.'

लिफ्टवर 'बंद'ची पाटी अजून आहे, पण खरंच कुणाचं अडत नाही, सगळे जिन्यानेच तर जातात. मी त्यासाठी एवढा आटापिटा का केला होता, आठवत नाही. लायब्ररीत मात्र चैन आहे. आम्हाला दोन खुर्च्या आणि पाय ठेवायला तिसरी. कोपऱ्यात एक टेबल कुणीतरी ठोकळे लावून उंच करून ठेवलंय, ते आम्ही बळकावलं. त्यावर लिहिताना हात अवघडतो. सकाळची बसही निम्मी रिकामी असते हल्ली. झुनैरा म्हणाली, तू प्रतिनिधी झाल्यापासून या गावाचे ग्रह फिरले.

बुधवार, २६ ऑक्टोबर

सुट्टीचा आठवडा. आज आईला हसवायला म्हणून या वहीतलं वाचून दाखवत होते. १४ सप्टेंबरपाशी थांबले.

मेव्ह कोण?

अक्षर माझं, पेन माझं. व्हीलचेअर, ठोकळ्यांचं टेबल, डोंगर. पुन्हा पुन्हा वाचलं तेव्हा आतून काहीतरी वर आलं. लिफ्टच्या बटणावर एक बोट. त्याच्या नखाला हिरवा रंग. मग एकदम सगळंच आठवलं, तिचं हसणं आणि तो केक. आणि टोबी. नळापाशी बाही ओढणारा टोबी, ज्याची जागा 'सुरुवातीपासून रिकामी' होती.

खुर्च्या वाढलेल्या नाहीत. एकही नाही. बसायला येणारी मुलं कमी झालीत. ती किती, कोण, हे मला कधीच कळणार नाही, कारण त्यांची नावं मी लिहिलेली नाहीत.

आई म्हणाली, गोष्ट छान रचलीस. मीच तक्रार केली होती. दोघांचीही.

सोमवार, ३१ ऑक्टोबर

गेनरकडे गेले. त्यांनी चहा दिला. या नावांचे विद्यार्थी इथे कधी नव्हते, असं प्रेमाने सांगितलं. मी लायब्ररीतले ठोकळे दाखवते म्हटलं, तर त्या माझ्याबरोबर आल्यासुद्धा. ठोकळे बघून म्हणाल्या, अरे, हे कुणाच्या पायात येतील, आणि एका माणसाला बोलावून काढून घेतले. माझ्या डोळ्यांदेखत. पालथ्या घड्यावर पाणी.

मी ओरडले. त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे केला. तू फार त्रासलेली दिसतेस, बाळा, म्हणाल्या, त्रास कशाचा आहे ते लिही, आम्ही काहीतरी करू.

त्या खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच काही माहीत नाही. त्या फक्त लिहून घेतात. करतं ते कोण, हे विचारायलाही जागा नाही.

मी काही लिहिलं नाही. 'मेव्हला परत आणा' असं लिहावंसं फार वाटलं. पण मेव्ह नसल्याचं दुःख इथे एका मलाच आहे. ते दुःख मिटवायचं म्हटलं तर ते काय करतील, हे मला आता कळतं.

बुधवार, ९ नोव्हेंबर

आईला कॉलेज बदलूया म्हटलं. ती म्हणाली, इथली पहिली मैत्रीण टाकून जाणार का? नाही जाणार. तिला इथे एकटी सोडून तर मुळीच नाही.

बैठक झाली. तुकडीतल्या मुलांनी मागण्या दिल्या होत्या: गरम पाणी, कँटीनची रांग, थंड वर्ग. रांग कशी कमी होईल ते मला दिसत होतं. गेनरनी विचारलं, नेल, तुमच्याकडून?

"आमच्याकडून काही नाही," मी म्हटलं. "सगळं ठीक आहे."

निळ्या केसांची मुलगी माझ्याकडे बघत होती. तिने बाही बोटभर वर केली. शाई. मीही केली. माझ्या हातावर मेव्ह, टोबी, झुनैरा. सगळ्यात मोठ्या अक्षरात झुनैरा.

मंगळवार, १५ नोव्हेंबर

तुकडी माझ्यावर चिडली आहे. चिडू दे. पण आज झुनैरा आली. रसायनाच्या प्रयोगशाळेत विषारी वाफा ओढून घेणारी काचेची कपाटं दोनच, त्यातलं एक बिघडलेलं. सगळा वर्ग एकामागे एक रांगेत. तिचे प्रयोग पूर्ण होत नाहीत, आणि प्रयोगांवर सही नसेल तर डॉक्टरकीचं दार बंद.

"तू एकदा बोल ना मंडळात," ती म्हणाली. "तुझं ऐकतात ते."

ऐकतात. हीच तर भीती आहे. कपाटं वाढणार नाहीत. रांग कमी होईल. त्या रांगेत ती उभी आहे.

मी म्हटलं, नाही बोलणार.

"सगळ्या जगासाठी भांडलीस," ती म्हणाली, "आणि माझी वेळ आली तर तोंडाला कुलूप?"

रोगापेक्षा इलाज भयंकर, हे तिला कसं सांगू?

गुरुवार, १७ नोव्हेंबर

सांगितलं सगळं. ही वहीही वाचायला दिली. वाचताना ती आधी हसली, मग हसायची थांबली. आठवतंय का विचारलं. तिला काही आठवलं नाही. लिहिलेलं बहुतेक लिहिणाऱ्यालाच आठवतं.

"बोलायचं नसेल तर नको बोलूस," ती म्हणाली. "पण त्यासाठी एवढी मोठी थाप? मी इथे मरमर अभ्यास करतेय नेल, आणि तू मला भुताच्या गोष्टी सांगतेस."

वही माझ्या मांडीवर टाकून गेली. राग कुणावर काढू? माझं म्हणणं सगळ्या जगाने ऐकलं, आणि जिने ऐकायला हवं तिला ते खरं वाटत नाही.

मंगळवार, २२ नोव्हेंबर

झुनैरा आता वेगळी बसते. समोसे एकटीच खाते. मी चिप्स घेतच नाही.

सकाळी हातावरचं तिचं नाव पुन्हा गिरवलं. आई म्हणाली धुवून टाक, घाण दिसतं. मी आईच्या अंगावर खेकसले.

बुधवार, २३ नोव्हेंबर

ती पेटीपाशी होती. तिने चिठ्ठी टाकली. मी जिन्यावरून पाहिलं, धावले, पोहोचेपर्यंत ती गेली होती. पेटीला कुलूप. ओढली, हलवली, बुक्के मारले. गेनर आल्या. म्हणाल्या, आजच्या चिठ्ठ्या काढून झाल्या, बाळा. पण ती आत्ता — आत्ता टाकली होती —

प्रयोगशाळेचं लिहिलं असणार. रांगेचं. स्वतःचंच —

तिला कँटीनमध्ये गाठलं. दंड धरला. काय लिहिलंस, प्रयोगशाळेचं लिहिलंस का, सांग. सगळे बघत होते. तिने हात सोडवून घेतला.

"प्रयोगशाळेचं नाही लिहिलं," ती म्हणाली. "तुझं लिहिलं. आमची प्रतिनिधी तोंडच उघडत नाही म्हणून."

मला आधी हायसं वाटलं. देवाशपथ, एवढं हायसं वाटलं की मी तिच्यासमोर हसले. ती वाचली. ती राहणार.

मग कळलं.

गुरुवार, २४ नोव्हेंबर

फाटकाला ओळखपत्र लावलं, उघडलं नाही. एका मुलाच्या मागून शिरले. त्याने मागे वळून पाहिलंही नाही.

फलकावर आलंय. तेच शब्द. आम्ही केलं: आता असा —

आईला फोन केला. कोण बोलतंय, म्हणाली. नीट, अदबीने. मी नेल म्हटलं, नेल एन्टविसल. तिने चुकीचा नंबर म्हणून ठेवला. माझंच आडनाव ऐकून — तिचंही तेच —

तुकडीच्या वर्गात टाळ्या. नवी प्रतिनिधी, बिनविरोध. जागा रिकामीच होती म्हणे. झुनैराच्या छातीवर बिल्ला. किती खूष दिसते. उद्या तिची पहिली बैठक.

शुक्रवार, २५ नोव्हेंबर

रात्री घरी गेले नाही. आई दार उघडेल आणि कोण तू विचारेल, ते — नको.

लायब्ररी. ती समोर बसली आहे. माझ्या खुर्चीवर तिने बॅग ठेवली, मी बसलेली असताना. मी उठले म्हणून — नाहीतर —

हाका मारल्या. जोरात. कुणी वळलं नाही. आयुष्यभर ओरडले आणि आता —

ती बैठकीसाठी मुद्दे काढते आहे. पहिलाच मुद्दा मला इथून वाचता येतो. रसायन. कपाटं. रांग.

पेन अजून उमटतं. ही वही तिच्या बॅगेत टाकते. बोटांची पकड — पेन दोनदा पडलं —

झुनैरा. हे सापडलं तर आधी हे पान वाच. तुझ्याजवळ माझी दोन पेनं आहेत, निळी, टोकाला चावलेली. ती कुणाची, विचार कर. नाही आठवलं तरी चालेल. मी तुझ्यावर रागावलेले नाही. मीही टोबीचं हेच केलं. माझं नाव विसरलीस तरी — तुझं स्वतःचं हातावर लिही, आणि उद्या — आज — बैठकीत तुला विचारतील तेव्हा म्हण, सगळं ठीक आहे. प्रयोगशाळेचं काही मागू न